निवांत रॉकची स्वतःची प्लेलिस्ट: आधी विचारा, साथीला कोण आहे?

इंदूरमधल्या मराठी घरांत कान तयार होतो तो भावगीतांवर, नाट्यपदांवर आणि लताबाईंवर. त्या कानाला इंग्रजी रॉक म्हटलं की आधी आरडाओरडा आठवतो. मग कुणीतरी सुचवतं, “सॉफ्ट रॉक ऐकून बघ.” आपण अॅपवर तेवढं टाईप करतो, शे-दोनशे गाण्यांची तयार यादी समोर येते आणि दहाव्या गाण्यापर्यंत सगळं सारखंच वाटायला लागतं. माझ्या भाच्यांचं हेच झालं, त्यांच्या कॉलेजातल्या मित्रांचंही. त्यांना जे सांगितलं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आपण ज्या संगीताबद्दल बोलतोय ते मुख्यतः 1975 ते 1983 या काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये तयार झालं. इलेक्ट्रिक पियानो, स्वच्छ सुरातली गिटार, जॅझकडून आलेले स्वरमेळ, एकावर एक रचलेले गळे आणि घाई नसलेले ड्रम्स ही त्याची ओळख. त्या काळात याला सॉफ्ट रॉक किंवा वेस्ट कोस्ट साउंड म्हणत. यॉट रॉक हे नाव 2005 च्या एका विनोदी वेब मालिकेमुळे रूढ झालं. गाणी शोधताना ही तिन्ही नावं रोमन अक्षरांत टाकून बघा, प्रत्येकाखाली थोडं वेगळं काही सापडतं. पण यादी या नावांच्या भरवशावर लावू नका. ती वादकांच्या नावांवरून लावा. बैठकीला जाताना आपण गायकाच्या नावापाठोपाठ विचारतोच ना, तबल्यावर कोण, पेटीवर कोण? या संगीतात तो प्रश्न फार कामाचा आहे, कारण मोजके दहा-पंधरा वादक वेगवेगळ्या बँडच्या नावाखाली पुन्हा पुन्हा वाजताना सापडतात.

काय काय लागेल

- गाणी ऐकवणाऱ्या कोणत्याही एका अॅपचं खातं. फुकट खात्यावर सुरुवात करता येते, पण अनेक अॅप्समध्ये फुकटात गाण्यांचा क्रम आपल्या हातात राहत नाही आणि मध्ये जाहिराती येतात. यादी तयार झाल्यावर एखादा महिना पैसे भरून बघा.
- कानात नीट बसणारे साधे इयरफोन. महागडे नकोत. खर्जाचे आणि झांजांचे आवाज वेगवेगळे ऐकू आले की झालं.
- वही किंवा फोनमधलं नोट्सचं पान. तीन रकाने पुरेत: गाणं, वर्ष, वादक.
- आणखी एक छोटा स्पीकर किंवा गाडीतली सिस्टीम, शेवटच्या तपासणीसाठी.

1. यादी कधी ऐकणार ते आधी ठरवा

ही पायरी बरेच जण गाळतात. “मला आवडणारी गाणी” एवढ्यावर लावलेली यादी वाढत जाते आणि ऐकली जात नाही. प्रसंग एकच धरा. रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर घरात वाजत राहील अशी यादी वेगळी, रात्री सुपर कॉरिडॉरवर गाडी चालवताना लागणारी वेगळी आणि पावसाळ्यात मांडूला जाताना लागणारी त्याहून वेगळी.

प्रसंगावरून लांबी ठरते. सकाळच्या घरकामाला 1 तास पुरे, म्हणजे साधारण 14-15 गाणी. मांडू इंदूरहून सुमारे 100 किलोमीटर आहे. चहाचा थांबा धरून 2 तासांहून जास्त लागतात, तेव्हा तिथे 30 गाणी चालतील. पहिली यादी तासाभराचीच करा.

2. पायाची पाच गाणी घ्या आणि नीट ऐका

खाली दिलेली पाच गाणी पाच वेगळ्या वाटा उघडतात. दुसरं काम करता करता ऐकू नका. इयरफोन लावून एका बैठकीत ऐका आणि सांगितलेल्या जागेकडे लक्ष द्या.

पेग, स्टीली डॅन, 1977. अल्बम एजा. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर हे दोघे म्हणजे स्टीली डॅन, बाकी वादक प्रत्येक गाण्यासाठी वेगळे बोलावलेले. मधला गिटारचा तुकडा आधी अनेक नामवंत वादकांकडून वाजवून घेतला होता, पसंत पडला तो जे ग्रेडन याचा. ध्रुवपदात मागे जो दाट गळ्यांचा थर ऐकू येतो तो मुख्यतः मायकल मॅकडॉनल्डचा आहे. त्याने आपलाच आवाज वेगवेगळ्या सुरांत पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केला. हा आवाज ओळखायला शिका, पुढे तो जागोजागी भेटेल.

व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज, डूबी ब्रदर्स. अल्बम डिसेंबर 1978 मध्ये आला, गाणं 1979 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मायकल मॅकडॉनल्ड आणि केनी लॉगिन्स यांनी मिळून लिहिलेलं. आता मॅकडॉनल्ड मागून पुढे आला आहे. कीबोर्डवरचा तो उसळता ठेका लक्षात ठेवा. पुढच्या दोन-तीन वर्षांत कितीतरी जणांनी तो उचलला.

लोडाउन, बॉझ स्कॅग्ज, 1976. अल्बम सिल्क डिग्रीज. इथे खालचा बास आणि वरची हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, या दोघांमधला संवाद ऐका. ड्रम्सवर जेफ पोर्कारो, बासवर डेव्हिड हंगेट, कीबोर्डवर डेव्हिड पेच. हे तिघे पुढच्याच वर्षी टोटो या बँडमध्ये एकत्र आले.

सेलिंग, क्रिस्टोफर क्रॉस. डिसेंबर 1979 चा अल्बम, 1980 मध्ये गाजलेलं गाणं. पाचांतलं सगळ्यांत संथ. या पहिल्याच अल्बमच्या जोरावर क्रॉसला 1981 च्या ग्रॅमीत चारही मुख्य पुरस्कार मिळाले: अल्बम, रेकॉर्ड, गीत आणि नवोदित कलाकार. संथ असून गाणं कुठे पडत नाही, कारण गिटार थेंब-थेंब सुटत राहते आणि व्हायोलिनचा ताफा तिच्या मागून हळूच वर येतो.

रोझाना, टोटो, 1982. या गाण्याला जरा जास्त वेळ द्या. सुरुवातीला ड्रम्स एकटेच आहेत. प्रत्येक मात्रेचे तीन भाग मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आपल्याला दादऱ्याची सवय असल्यामुळे हे पटकन जमतं. स्नेअरचा, म्हणजे ड्रम्समधल्या कडक आवाजाच्या ढोलाचा, मोठा ठोका चार मात्रांत फक्त तिसऱ्या मात्रेवर पडतो, त्यामुळे गाणं प्रत्यक्षात आहे त्याहून संथ वाटतं. पण त्या मोठ्या ठोक्यांच्या मधल्या जागेत स्नेअरवरच अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके भरलेले आहेत. साध्या फोनच्या स्पीकरवर ते गायब होतात. इयरफोन लावले की दिसतं, पोर्कारोचा डावा हात क्षणभर थांबलेला नाही. या ठेक्याला हाफ-टाइम शफल म्हणतात. पोर्कारोने स्वतः सांगितलं होतं की त्याने तो बर्नार्ड पर्डी आणि लेड झेपेलिनचा जॉन बोनहॅम यांच्या वादनातून घेऊन एकत्र केला. पर्डीचा मूळ ठेका ऐकायचा तर स्टीली डॅनचं होम ॲट लास्ट लावा, तेही एजा याच अल्बमवर आहे. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐका. या सगळ्या शैलीतलं निवांतपण कुठून येतं ते या दोन गाण्यांत हाताला लागतं.

3. नावांचा माग काढा

आता वहीतला तिसरा रकाना भरायला घ्या. गाण्याशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबलं की बहुतेक अॅप्समध्ये श्रेयनामावली उघडते. तिथे गीतकार आणि निर्माते मिळतात, वादक मात्र अनेकदा मिळत नाहीत. त्यासाठी अल्बमचं विकिपीडिया पान किंवा डिस्कॉग्ज ही तबकड्यांची माहिती देणारी वेबसाइट बघा. डिस्कॉग्जवर जुन्या तबकड्यांच्या मागच्या बाजूचे फोटोही असतात, त्यावर कोणत्या गाण्याला कोण वाजवतंय ते छापलेलं असतं.

एक नाव धरून कसं चालायचं ते दाखवतो. मायकल मॅकडॉनल्ड घ्या. 1975 मध्ये तो डूबी ब्रदर्समध्ये आला, त्याआधीपासून स्टीली डॅनच्या मागे गात होता. त्याला डूबीत आणणारा गिटारवादक जेफ बॅक्स्टर, तोही मूळचा स्टीली डॅनचाच. क्रिस्टोफर क्रॉसचं राइड लाइक द विंड लावा, ध्रुवपदात मागून उत्तर देणारा भरदार आवाज मॅकडॉनल्डचा. केनी लॉगिन्सचं धिस इज इट, 1979, तिथेही तोच, गीतलेखनातही आणि मागच्या गळ्यांतही. कार्ली सायमनचं यू बिलाँग टु मी, 1978, हे तिने आणि मॅकडॉनल्डने मिळून लिहिलं. एका नावावरून तीन गाणी झाली आणि प्रत्येकाचा पोत वेगळा आहे.

आता जेफ पोर्कारो. लोडाउन आणि रोझाना झालं. 1975 चा स्टीली डॅनचा केटी लाइड हा अल्बम जवळजवळ सगळा त्याने वाजवला, तेव्हा तो विशीत नुकता शिरला होता. टोटोच्या पहिल्या अल्बमवर, 1978, जॉर्जी पॉर्जी हे गाणं आहे. त्याच अल्बममधलं होल्ड द लाइन जास्त गाजलं, पण ते जोरकस रॉक आहे, आपल्या यादीत बसणार नाही. जॉर्जी पॉर्जी घ्या. मग आफ्रिका, 1982, पेच आणि पोर्कारो या दोघांनी लिहिलेलं.

आणि हा माग काढता काढता तुम्ही अशा घरात पोचता जिथे तुम्ही लहानपणापासून ये-जा करत आहात. मायकल जॅक्सनचा थ्रिलर हा अल्बम कुणी ऐकला नाही? त्यातलं ह्यूमन नेचर हे गाणं जेफचा भाऊ स्टीव्ह पोर्कारो याने रचलं आहे आणि त्यावर टोटोचेच लोक वाजवतात. ते गाणं या यादीत बिनदिक्कत घ्या. नव्या श्रोत्याला ओळखीचा एक चेहरा मिळाला की बाकीच्यांची ओळख लवकर होते.

जे ग्रेडनच्या मागे गेलात तर वाट सोल संगीताकडे वळते. अर्थ, विंड अँड फायरचं आफ्टर द लव्ह हॅज गॉन, 1979, आणि जॉर्ज बेन्सनचं टर्न युअर लव्ह अराउंड, 1981, या दोन्हींच्या गीतकारांत ग्रेडन आहे. ही रॉक आहेत का, यावर वाद घालत बसू नका. वादक तेच, स्टुडिओ त्याच शहरातले, कानाला ती यादीत सहज मिसळतात.

मागाला निघाल्यावर एक धोका असतो: यादी पुरुषांच्याच आवाजांनी भरते, त्यातही उंच पट्टीतल्या. तो टाळायला मुद्दाम तीन-चार बायकांचे आवाज शोधा. कार्ली सायमन झालीच. रिकी ली जोन्सचं चक ईज इन लव्ह, 1979, बोलल्यासारखं गायलेलं, फार सुंदर. निकोलेट लार्सनचं लॉटा लव्ह, 1978. पॅटी ऑस्टिन आणि जेम्स इंग्रम यांचं बेबी, कम टु मी हे युगुलगीत. यांच्याशिवाय माझी यादी मला अपुरी वाटते.

4. लय मोजा

घड्याळात 15 सेकंद लावा, गाण्याबरोबर बोटाने ठेका धरा, ठोके मोजून चारने गुणा. हा आकडा गाण्याशेजारी लिहा. आफ्रिका मिनिटाला 93 च्या आसपास येतं. निवांत यादीतली बरीच गाणी 75 ते 100 च्या पट्ट्यात बसतात. व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज 120 च्या घरात जातं, तरी धावल्यासारखं वाटत नाही, कारण गाणारा ठोक्याच्या किंचित मागे राहून गातो.

म्हणून आकडा हा फक्त क्रम लावताना उपयोगी, निवड कानानेच करा. घाई नसलेली लय म्हणजे काय ते इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. उस्ताद अमीर खाँसाहेबांनी अतिविलंबित झुमऱ्यात ख्याल मांडला तो याच गावाचं नाव लावणाऱ्या घराण्यात. चौदा मात्रांचं ते आवर्तन समेपर्यंत पोचायला किती वेळ घेतं आणि तरी आपण जागचे हलत नाही. तो कान इथेही लावा. गाणं संथ आहे की नुसतं ढिलं आहे, हा फरक तुम्हाला लगेच कळेल. ढिलं असेल तर कितीही गाजलेलं असो, सोडून द्या.

5. कोण आत, कोण बाहेर

या बाबतीत माझी मतं ठाम आहेत, तुमची वेगळी असू शकतात.

ईगल्स आणि फ्लीटवूड मॅक पूर्ण आत घेऊ नका, यादी त्यांचीच होऊन बसते. ईगल्सचं आय कान्ट टेल यू व्हाय, 1979, आणि फ्लीटवूड मॅकचं ड्रीम्स, 1977, एवढी दोन पुरेत. ऑस्ट्रेलियाच्या लिटल रिव्हर बँडचं रेमिनिसिंग, 1978, आत. अँब्रोझियाचं बिगेस्ट पार्ट ऑफ मी, 1980, आत. बॉबी काल्डवेलचं व्हॉट यू वोन्ट डू फॉर लव्ह, 1978, आतच आत.

जे. जे. केल याच्यासाठी वेगळी यादी करा. ओक्लाहोमाच्या टल्सा शहरातून आलेला हा माणूस निवांतपणाचा राजा आहे, पण त्याचं निवांतपण कोरडं, मातीचं. पहिला अल्बम नॅचरली, 1971. त्यात साध्या ड्रम मशीनच्या ठेक्यावर तो जवळजवळ पुटपुटत गातो. एरिक क्लॅप्टनने गाजवलेली आफ्टर मिडनाइट आणि कोकेन ही दोन्ही गाणी मुळात केलची. चकचकीत स्टुडिओच्या गाण्यांमध्ये तो घातला की दोघांचंही नुकसान होतं. मांडूच्या रस्त्याला मात्र केलसारखा सोबती नाही.

नव्या काळातलं एखादं गाणं हवं असेल तर थंडरकॅटचं शो यू द वे, 2017, घ्या. त्यात मॅकडॉनल्ड आणि लॉगिन्स दोघेही गातात, म्हणजे आपला धागा तुटत नाही. जपानमध्ये याच धाटणीचं सिटी पॉप नावाचं मोठं दालन आहे. मारिया ताकेउची हिचं प्लास्टिक लव्ह, 1984, तिथला दरवाजा समजा.

हिंदी-मराठी गाणी या यादीत मिसळू नयेत असं मला वाटतं. ओळखीचे शब्द आले की मन गाण्याचा अर्थ लावायला लागतं आणि मघापासून वाद्यांवर बसलेलं लक्ष उडतं. त्यांची निवांत यादी वेगळी करा.

6. बरोबर आवृत्ती निवडा

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. एकाच गाण्याच्या अॅपवर दहा-वीस नोंदी असतात. गाणं यादीत टाकण्याआधी हे बघा.

नव्याने गायलेली आवृत्ती. जुन्या बँडांपैकी अनेकांनी आपली गाजलेली गाणी पुढे वीस-तीस वर्षांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केली आहेत. नाव तेच, गायक बहुधा तोच, पण वादक वेगळे आणि आवाज म्हातारा. नावापुढे “री-रेकॉर्डेड” लिहिलेलं असतं, कधी नसतंही. अल्बमचं नाव बघा. मूळ अल्बमऐवजी “ग्रेटेस्ट हिट्स”, “ऑल टाइम बेस्ट” असं काही असेल तर शंका घ्या आणि मूळ अल्बम उघडून तिथलं गाणं घ्या.

दुसऱ्याच कुणी केलेली नक्कल. कराओके, ट्रिब्यूट, लाउंज असे शब्द दिसले की सोडा.

छोटी आवृत्ती. रेडिओसाठी गाणी कापली जात. रोझाना अल्बमवर साडेपाच मिनिटांचं आहे आणि शेवटी वादक मोकळे सुटतात ती जागा त्यातच आहे. सिंगल म्हणून निघालेलं लहान आहे. नेहमी लांब आवृत्ती घ्या. एजा हे अल्बमचं शीर्षकगीत जवळपास 8 मिनिटांचं आहे. त्यात वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन आणि स्टीव्ह गॅडचे ड्रम्स समोरासमोर येतात. ते कापलेलं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं.

रीमास्टर मात्र वेगळी गोष्ट आहे. ते मूळच ध्वनिमुद्रण असतं, फक्त आवाजाची पातळी आणि उजळपणा बदललेला. ते बिनधास्त घ्या.

शोधतानाही एक अडचण येते. टोटो, ब्रेड, प्लेयर, अमेरिका अशी बँडची नावं नुसती टाकली तर भलतंच काही समोर येतं. बँडबरोबर गाण्याचं नाव नेहमी जोडा.

7. क्रम लावा

एव्हाना वहीत पंचवीसेक गाणी असतील. त्यातली पंधरा निवडून क्रम लावायचा. मी तिघा-तिघांचे गट करतो: पहिलं मध्यम लयीचं, दुसरं जरा चढं, तिसरं उतरतं. प्रत्येक गटानंतर वाद्यांचा रंग बदलतो, म्हणजे इलेक्ट्रिक पियानोच्या गटानंतर गिटारचा गट.

लागोपाठ दोन गाण्यांत एकच मुख्य गायक नको. मॅकडॉनल्डचा आवाज भरजरी आहे, तो सलग आला की कान थकतो. सेलिंगसारखं संथ गाणं दुसऱ्या संथ गाण्याला चिकटवू नका, त्याच्या आधी लोडाउनसारखं चालतं गाणं ठेवा, मग त्याचा ठहराव जाणवतो. होम ॲट लास्ट आणि रोझाना ही जोडी मात्र मी मुद्दाम शेजारी ठेवतो, कारण एकाच ठेक्याची दोन रूपं शेजारी ऐकण्यात मोठी गंमत आहे. लांब गाणी, एजासारखी, यादीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. तोवर ऐकणारा स्थिरावलेला असतो.

पहिलं गाणं सर्वांत गाजलेलं नको, सर्वांत सोपं हवं. मी काल्डवेलने सुरुवात करतो.

8. अॅपच्या चार सेटिंग बघून घ्या

नावं अॅपप्रमाणे थोडी बदलतात, कामं हीच.

शफल, म्हणजे गाणी वाटेल त्या क्रमाने लावणारा पर्याय, बंद. क्रमासाठी एवढे कष्ट घेतलेत ते यासाठीच. स्मार्ट शफल नावाचा पर्याय आपल्या यादीत स्वतःची गाणी घुसवतो, तोही बंद ठेवा. ऑटोप्लेही बंद करा, नाहीतर यादी संपताच अॅप मनाला येईल ते लावतं.

आवाज समान ठेवणारं नॉर्मलायझेशन चालू. 1977 चं गाणं हळू आणि 2017 चं मोठं, असा धक्का बसत नाही.

क्रॉसफेड शून्यावर. यातली बरीच गाणी हळूहळू विरत संपतात आणि त्या विरण्यात वादक अनेकदा सगळ्यांत छान वाजवत असतात. त्यावर पुढचं गाणं चढलं तर ते हरवतं.

बाहेरगावी निघताना डाउनलोड. घाटात नेटवर्क येतं-जातं. 320 केबीपीएसच्या उत्तम दर्जात 1 तासाच्या गाण्यांना साधारण 144 एमबी जागा लागते, तेव्हा घरच्या वाय-फायवरच उतरवून घ्या. स्पॉटिफायवर डाउनलोड टिकवायला 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. निघायच्या आदल्या रात्री एकदा उघडून बघा.

9. दोन जागी वाजवा, मग छाटा

यादी एकदा इयरफोनवर आणि एकदा स्पीकरवर किंवा गाडीत पूर्ण वाजवा. मध्ये काही बदलू नका, फक्त वहीत खूण करा. जिथे हात आपोआप पुढच्या गाण्याच्या बटणाकडे जातो तिथे फुली. घरातल्या कुणी आपणहून “हे कुठलं गाणं?” असं विचारलं तर तिथे चांदणी. गाडीत इंजिनाच्या आवाजात खर्जातले बारकावे बुडतात, म्हणून काही गाणी घरी रंगतात आणि रस्त्यावर फिकी पडतात. अशी गाणी काढून घरच्या यादीत हलवा.

फुली मिळालेलं गाणं लगेच काढा, मात्र वहीतून खोडू नका. कधी कधी गाणं चांगलं असतं, जागा चुकलेली असते. पुढच्या यादीला ते उपयोगी पडतं.

यानंतर महिन्याला दोनच गाणी बदलायची, एक आत, एक बाहेर. आत येणाऱ्या गाण्यावर आधीच्या यादीतला निदान एक वादक असला पाहिजे. पहिल्या महिन्यासाठी नाव मीच सुचवतो: लॅरी कार्लटन. स्टीली डॅनच्या किड शार्लमेन या 1976 च्या गाण्यातली त्याची गिटार ऐका, बर्नार्ड पर्डीचे ड्रम्स तिथेही भेटतील, आणि मग कार्लटन आणखी कुणाकुणाकडे वाजवतो ते शोधायला लागा.